अशोकाची नोंदणी रद्द

पूर्वी पीएच.डी. करणारा माणूस आणि त्याचा गाइड यांच्यात काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक असायचं. कधी कधी दोघांनाही नसायचं. एक जण दहा वर्षं ग्रंथालयात बसे, दुसरा मधेच निवृत्त होई, आणि मग एके दिवशी प्रबंध निघे किंवा निघत नसे. हा मोकाटपणा विद्यापीठ अनुदान आयोगाला बघवला नाही. 2009 साली नियम आले, 2016 साली ते नियम सुधारायला नियम आले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पुन्हा नवे आले. आता संशोधन 'स्ट्रक्चर्ड' झालं आहे. किमान 12 श्रेयांकांचं कोर्सवर्क, त्यात 55 टक्के, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, सादरीकरण आणि प्रगती अहवाल. तीन वर्षांच्या आत ज्ञान होता कामा नये आणि सहा वर्षांनंतर होऊन उपयोग नाही. मुदतवाढ मिळते, तेवढी दया आहे.

प्रयोगशाळावाल्यांचं त्यात निभतं. त्यांच्याकडे यंत्र असतं, यंत्रातून आलेख निघतो, आलेख पडद्यावर दाखवता येतो. मराठी, इतिहास किंवा तत्त्वज्ञानवाला काय दाखवणार? "गेल्या सहा महिन्यांत काय केलंत?" असं विचारल्यावर "वाचलं" म्हणाला तर समिती त्याच्याकडे वसुलीला आलेल्या बँकवाल्यासारखी बघते. म्हणून तोही आलेख काढतो. संतसाहित्यावर काम करणारा एक उमेदवार अभंगांचा 'नमुना आकार' ठरवून बसला होता. गृहीतक होतं की संतांना विठ्ठल आवडत असावा. पडताळणी चालू आहे.

आमच्या वसई-विरारच्या उमेदवाराचं कोर्सवर्क मात्र कलिन्याला विद्यापीठाच्या वर्गात शिरण्याआधीच सुरू होतं. नालासोपाऱ्याचा असेल तर तो आधी उलटा विरारला जातो, म्हणजे बसायला जागा मिळते. विरार फास्ट सांताक्रूझला थांबत नाही, म्हणून अंधेरीला उतरून स्लो धरायची. एवढं करून वर्गात पोचलं की 'संशोधनात चिकाटीचे महत्त्व' हा तास. उमेदवार बहुधा कुठल्या तरी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असतो. म्हणजे कॉलेज त्याला आपला मानत नाही, पण नोकरदार म्हणून एनओसी मात्र त्याच कॉलेजकडून आणायची असते. कलिन्याला गेला की तिकडचा तास बुडतो, तास बुडला की पैसे बुडतात. संशोधनाची किंमत मोजावी लागते म्हणतात, ती ही. आणि कायम नोकरीसाठी एवढी धावपळ करावी, तर 2023 च्या जुलैत आयोगानेच सांगितलं की सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची नाही.

हे सगळं पाहताना आम्हाला राहून राहून भगवानलाल इंद्रजींची काळजी वाटते. जुनागढचा हा माणूस. लहानपणीच गिरनारच्या शिळेवरची अक्षरं लावायच्या नादी लागला आणि पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांकडे कामाला राहिला. विद्यापीठाची पदवी नाही. 1882 साली त्यांनी सोपाऱ्यात, म्हणजे आमच्या नालासोपाऱ्यात, लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, तो ढिगारा उकरला. निघाला स्तूप. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, असं करत करत शेवटी सोन्याचा, आणि त्या सोन्यात मातीच्या भांड्याची खापरं. त्याच साली त्यांना सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पीएच.डी. दिली. घाई केली.

आज असते तर आरएसीपुढे उभे राहिले असते.

"तुमच्या सिनॉप्सिसमध्ये स्तूप आहे. शिलालेख कुठून आला?"

"सापडला, सर."

"असं मधेच सापडून कसं चालेल? शीर्षकात बदल करायला वेगळा अर्ज असतो. बरं, या डब्यांचं काय? एकात एक सहा डबे म्हणजे पुनरावृत्ती वाटते. आणि निष्कर्ष काय, तर खापरं?"

भगवानलाल गप्प. मग ग्रंथालयातून अहवाल येतो. वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे मजकुराचं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर माफ. 60 टक्क्यांच्या वर गेलं की नोंदणी रद्द. सोपाऱ्याचा तुकडा सॉफ्टवेअरला घालताच लाल दिवा पेटतो. हाच मजकूर गिरनारला आहे, पार शाहबाजगढीला आहे, कालसीला आहे. सम्राटाने एकच लेख देशभर कोरून घेतला आणि एकाही ठिकाणी तळटीप दिली नाही! तुटक्या दगडावरच्या चार अक्षरांवरून तो कोणता लेख हे ओळखू येतं, ते ती अक्षरं दुसरीकडे जशीच्या तशी आहेत म्हणूनच. आमच्या विषयात पुष्कळदा साम्य दिसणं हाच शोध असतो. पण सॉफ्टवेअरमध्ये तसा रकाना नाही.

समितीने तो लेख वाचला असता तर बरं झालं असतं. आठव्या लेखात राजा सांगतो की आधीचे राजे मौजेच्या सहली काढायचे, मी धर्मयात्रा काढली. चर्चासत्राचं ठिकाण थंड हवेचं निवडणाऱ्यांनी हा लेख प्रवासभत्त्याच्या अर्जाला जोडायला हरकत नाही. नववा लेख त्याहून झोंबरा. माणसं आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात आणि त्यांचं फळ थोडंच मिळतं, असं त्यात आहे. दर सत्राच्या सादरीकरणाचा उल्लेख नाही, पण राजाच्या मनात असावं.

या नवव्या लेखाचा तुकडा सापडला 1956 साली, इथेच वसई तालुक्यात, भुईगावला. म्हणजे दोन तुकड्यांमध्ये 74 वर्षं गेली. सहा वर्षांच्या नियमात, मुदतवाढ धरूनही, हे कुठे बसवायचं?

अशोकाचे असे लेख चौदा. आमच्याकडे दोहोंचेच तुकडे हाती लागले. बाकीचे इथे कधी कोरले असतील तर ते आता कुठल्या चाळीच्या पायाखाली आहेत, हे कोण सांगणार? तालुक्यात खोदणाऱ्यांची वाण नाही. रात्री जेसीबी लागतो, पहाटे पाया भरलेला असतो, गृहीतक मांडायलाही वेळ मिळत नाही. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर 41 इमारती चढल्या. माणसं पैसे मोजून राहायला आली, आणि मग न्यायालयाच्या हुकमावरून 2025 च्या सुरुवातीपर्यंत महापालिकेने त्या सगळ्या पाडल्या. त्या बांधणाऱ्यांना, पहिल्या मजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत, दर सहा महिन्यांनी कुणी बोलावून प्रगती अहवाल मागितल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही.