बोंडूचा निवाडा

(वेंगुर्ल्यातील एक फळप्रदर्शन. दाराशी नोंदवही घेतलेला कारकून, पंच म्हणून आलेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि करंडीभर काजूचे बोंडू बियांसकट आणलेला बागायतदार.)

कारकून : बागायतदार, बोंडू फळांच्या मेजावर मांडावा आणि बी सुक्या मेव्याच्या मेजावर, असा सरळ हुकूम असताना ही दोन्ही एकमेकांना चिकटलेली आणून आपण आमच्या दफ्तरात मोठाच पेच उत्पन्न केला आहे.

बागायतदार : रावसाहेब, झाडानेच ती तशी दिली, त्यात माझा हात नाही.

प्राध्यापक : शिवाय हुकूमच उलटा आहे. फळ म्हणजे फुलातील अंडाशयाची परिपक्व अवस्था, एवढे एकदा मान्य केले, की आपण जिला बी म्हणता तीच काजूचे खरे फळ ठरते, तिच्या पोटातील गर हे बीज ठरते, आणि ज्याच्या रंगावर भुलून आपण फळांच्या मेजाकडे निघालात तो बोंडू केवळ फुगलेला देठ ठरतो. आधी फळ वाढते, मागाहून देठ फुगतो, हे यांनी बागेत दरसाल पाहिले असेल.

बागायतदार : पाहिले खरे, पण आजवर मुलांना फळ म्हणून देठ खाऊ घातला, हे आजच कळले.

कारकून : म्हणजे हुजऱ्यालाच सरदार समजून आम्ही मुजरा करीत आलो! आंबा तरी शाबूत आहे ना?

प्राध्यापक : निःसंशय. आंबा हे अस्सल अश्मगर्भी फळ, आणि काजूचा भाऊबंदही. त्याच आम्रकुलात चारोळी, पिस्ता आणि बिब्बा येतात. काजूच्या कवचातील दाहक तेल हा बिब्ब्याच्याच घराण्याचा वारसा होय.

बागायतदार : त्या वारशाचा दाखला आमच्या घरच्या बायकांच्या बोटांवर आहे. ओले काजूगर सोलताना कातडी त्यांची जाते आणि उसळीची तारीफ पाहुणे करतात.

प्राध्यापक : त्या दाहकतेलाही प्रयोजन आहे. वटवाघूळ बोंडूच्या लोभाने बीही पळवून नेते, दूर बसून रस चोखते आणि बीच्या वाटेस न जाता ती तेथेच टाकते. सारांश, बोंडू ही झाडाने वाहतुकीसाठी दिलेली लाच आहे.

कारकून : तो शब्द सरकारी वहीत नको, मी ‘बक्षीस’ लिहितो. बाकीची मेजे तरी बिनचूक आहेत ना?

प्राध्यापक : मुळीच नाहीत. भुईमूग ही वाटाण्याच्या कुळातील शेंग, तिला सुक्या मेव्यातून काढा. फणस हे एक फळ नसून असंख्य फुलांपासून झालेला समुदाय आहे, त्याची नोंद निराळी करा. आणि वांगे, मिरची, काकडी व टोमॅटो ही निखालस फळे असल्यामुळे त्यांना भाजीच्या मेजावरून सन्मानाने इकडे आणा.

बागायतदार : मिरची चालत येईल, फणसाला माणसे लावावी लागतील.

कारकून : आणि संध्याकाळी मामलेदारसाहेबांनी उत्कृष्ट फळाचा चांदीचा पेला मिरचीला अर्पण करायचा? याला कायद्याचा काही आधार?

प्राध्यापक : कायदा, दुर्दैवाने, आपल्या बाजूचा आहे. अमेरिकेत 1883 च्या कायद्यान्वये परदेशी भाज्यांवर जकात होती, ताज्या फळांवर नव्हती. म्हणून न्यूयॉर्कच्या एका व्यापारी पेढीने टोमॅटो हे फळ असल्याचा दावा मांडून भरलेली रक्कम परत मागितली. 1893 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, शास्त्रदृष्ट्या ते फळ असल्याचे मान्य करूनही, लोक ते मुख्य जेवणात खातात, शेवटच्या गोडात नव्हे, या सबबीवर त्यास भाजी ठरविले.

कारकून : वाहवा! शास्त्र विचारते, जिन्नस उपजला कोठून. जकात विचारते, तो गेला कोणत्या ताटात. दोघांचे अंमल निराळे असताना एकाचा हुकूम दुसऱ्याच्या हद्दीत बजावण्याचे कारण काय?

बागायतदार : तिसरा अंमल बाजाराचा, रावसाहेब. आमचा व्यापारी बी तोलून नेतो आणि बोंडूंचे ढीग झाडाखाली कुजतात. पलीकडे गोव्यात त्याच देठाचा रस काढून हुर्राक आणि फेणी गाळतात. शिवाय पडलेला बोंडू दुसऱ्या दिवशी आंबतो, तेव्हा निकाल उद्यावर नेऊ नका.

कारकून : (लिहीत) शेरा : बी हे फळ, शास्त्राच्या हुकुमावरून; बोंडू हे फळ, वहिवाटीच्या हक्कावरून; सबब दोन्ही न तोडता फळांच्या मेजावर मांडावीत. मिरचीचा अर्ज नामंजूर.