उघड्या दाराचा एसी

सुलतान बाजारातल्या एका साडीच्या दुकानात गल्ल्यामागे पाटी आहे : ‘वीज वाचवा, पृथ्वी वाचवा’. पाटीवर दिवसभर दिवा जळतो. काचेचं दार सताड उघडं, एसीचा गारवा थेट रस्त्यावर. बंद दाराच्या दुकानात गिऱ्हाईक चढत नाही, असं शेटजींचं म्हणणं. म्हणजे गारवा हा जाहिरातखर्च.

तरी हॅलोजन जाऊन एलईडी आले. पृथ्वीसाठी? छे! आधी दिव्यांनी दुकान तापवायचं, मग एसीनं ते निववायचं, बिल दोन्हीकडून. त्यात शेजारच्यानं आधी बदलले, ही बोच वेगळीच. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला, तेव्हा कुठे बाजाराचं निसर्गप्रेम उफाळलं.

बड्या कंपन्यांचंही हेच. त्यांची पाटी वार्षिक अहवालात असते, गुळगुळीत कागदावर, शेजारी एक रोपटं. सिमेंट, पोलाद, खत कारखान्यांना २०१२ साली ‘पॅट’ योजनेनं लक्ष्य बांधून दिलं : जास्त वीज-कोळसा वाचवलात तर प्रमाणपत्रं विका, कमी पडलात तर विकत घ्या. वाचवणं विकता येतं म्हटल्यावर ते हिशेबनिसालाही पटलं.

इकडे दुकानात काकू जरीचा खरा रंग बघायला साडी घेऊन दाराशी, उन्हात जातात. दार उघडं असतंच. आणि त्या उजेडाचं बिल येत नाही.