बुजरं गिऱ्हाईक

बुजरं गिऱ्हाईक दुकानात शिरण्याआधी दुकानावरून चालत जातं. पहिल्या फेरीत गर्दी किती ते बघायचं, दुसऱ्या फेरीत गल्ल्यावर कोण बसलंय ते. तेवढ्यात दुकानदारानं मान वर करून बघितलंच, तर तिसरी फेरी थेट घराकडे.

हा माणूस बहुधा अकोला, वाशीम, परभणी असा कुठून तरी नोकरीसाठी पुण्यात आलेला असतो. कर्वेनगर किंवा वारज्याला दोघा मित्रांबरोबर खोली घेतो आणि किराणा आणायचं काम त्याच्याच वाट्याला येतं, कारण ‘मी नाही जाणार’ एवढं म्हणायलाही धीर लागतो. गावी ही अडचण नव्हती. तिथल्या दुकानात तो नुसता जाऊन उभा राहिला, की ‘आईला सांग, शेंगदाणे नवे आलेत’ असं म्हणत दुकानदार पुडी बांधायलाही लागायचा.

पुण्यातल्या किराणा दुकानापुढे रांग नसते, फळी असते. आणि फळीपुढे ज्याचा आवाज आधी पोचेल त्याचा नंबर. ‘काका, दहाचं जिरं!’, ‘अर्धा किलो साबुदाणा, पटकन, रिक्षा थांबलीये!’ असे आवाज याच्या खांद्यावरून, कानाजवळून, कधी काखेखालून जातात. सहा वर्षांची मुलगी येते, पेन्सिल आणि रिफाइंडची पिशवी घेऊन निघूनही जाते. हा आपला बरणीतल्या गोळ्यांचे रंग बघतोय. याच शहरात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, ग्राहकाला हक्क मागायला शिकवलं. याला हक्क सगळे पाठ आहेत, अडतो तो साबुदाण्यापाशी.

मागायचं तरी काय म्हणून? ‘काका’ म्हणावं तर गल्ल्यावरचा माणूस आपल्याच वयाचा निघतो. ‘दादा’ म्हणावं तर मागून त्याचे वडील येतात. ‘शेठ’ म्हटलं तर खुशामत वाटेल, ‘भाऊ’ म्हटलं तर गाव कळेल. म्हणून तो संबोधनच गाळतो आणि हवेत ‘ते जरा…’ एवढं सोडतो. त्यावर कुणीच वळून बघत नाही.

त्यातून नंबर लागलाच तर तोंडी परीक्षा. ‘तांदूळ.’ ‘कुठला? कोलम, आंबेमोहोर, इंद्रायणी?’ ‘नवा की जुना?’ मागे चार माणसं खोळंबलेली. अशा वेळी तो कानावर शेवटी पडलेलं नाव घेतो. इंद्रायणी हा मोठा गुणी तांदूळ. मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तो निघाला, वासाला सुरेख आणि शिजला की चिकट. आमटीबरोबर लाजवाब. याच्या मित्रांनी त्याचा मसालेभात केला, तो सुरीनं वड्या पाडून खाल्ला. तांदूळ बदलून आणायचा प्रश्नच नव्हता, कारण ते करायचं तर पुन्हा बोलावं लागलं असतं.

अशा लोकांचा एक उपकारकर्ता अमेरिकेत होऊन गेला. क्लॅरेन्स साँडर्स त्याचं नाव. 1916 साली त्यानं मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं. तोवर तिकडेही नोकर फळीमागून माल काढून द्यायचे. साँडर्सनं गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली, मालावर किमती लावल्या आणि पैसे बाहेर पडताना घेतले. पुढच्याच वर्षी त्याचं पेटंटही मिळवलं. त्याला वाचवायचा होता नोकरांचा पगार. पण जगातल्या तमाम बुजऱ्यांनी घरात त्याची तसबीर लावायला हरकत नाही. आपल्याकडे 2002 साली पवईला पहिलं डी-मार्ट निघालं आणि मग हळूहळू ही सोय मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली.

आपला गृहस्थ तिकडे वळतोच. मात्र तिथला माल बहुतेक पॅकबंद. 18 जुलै 2022 पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या डाळीवर लागत नाही. सुटी डाळ मागावी लागते, पॅकबंद उचलता येते. लोक उत्पन्नावर कर भरतात, हा शिवाय लाजण्यावरही भरतो. आणि एवढं करून बिलाच्या टेबलाशी ‘मोबाईल नंबर सांगा’ असं फर्मान सुटतं. दहाही आकडे, मोठ्यानं, मागच्या ट्रॉल्यांच्या साक्षीनं!

दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपं झाली. पण सामान घेऊन येणारा पोरगा फोन करून ‘सर, गेट कुठलं?’ विचारतोच. मग व्हॉट्सॲपवर यादी पाठवून बघितली. दुकानदारानं तत्काळ फोन केला, ‘साबण कुठला?’ यूपीआयमुळे सुट्या पैशांवरची बोलणी तरी मिटली म्हणावं, तर गल्ल्यावर बोलका डबा आला. ‘सत्तावीस रुपये प्राप्त झाले’ ही बातमी तो चौकापर्यंत पोचवतो.

शेवटी दुकान सापडतं ते पिठाच्या गिरणीशेजारी. जागा दहा बाय बाराची, माल बेताचा, भाव इतरांसारखेच. मोठा गुण एकच: गिरणी चालू असली की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. सकाळी नऊ ते अकरा सगळेच बोट दाखवून माल घेतात, जिरंवालीही आणि रिक्षावालाही. इथे हा एकदम तरबेज निघतो. मालक मूळचा राजस्थानचा, मराठी अस्खलित. पण बोलण्याचा त्यालाही कंटाळा. ‘पोहे.’ ‘जाड?’ ‘हं.’ महिन्याभरात हा ‘हं’सुद्धा गळतो.

बुजऱ्याची निष्ठा मात्र जबर असते. मॉलमधून स्वस्तात आणलेला शांपू तो गल्लीच्या तोंडाशी शर्टाखाली लपवतो, किंवा मागच्या बोळातून वळसा घालून घरी येतो. मोठी खोली मिळत होती, भाडंही परवडत होतं. ती त्यानं ‘तिकडे पाणी कमी येतं म्हणे’ असं सांगून सोडली. पाणी दोन्हीकडे तेवढंच येतं.

लाडक्या दुकानाची किंमत मात्र मोजावी लागतेच. सुरुवातीला एकदा मालकानं कसलेसे मिऱ्याचे पापड पुढे केले होते. नको म्हणता आलं नाही म्हणून यानं ते घेतले. मालकानं ते लक्षात ठेवलं. आता दर महिन्याला सामानावर ‘तुमचे पापड’ येऊन बसतात. इतके तिखट, की पहिल्या घासाला मित्रांचे डोळे भरून येतात. कपाटाचा एक खण भरला तेव्हा यानं चार पुडे शेजारच्या काकूंना नेऊन दिले. काकूंना ते इतके आवडले, की त्यांनी दुकानाचा पत्ता विचारला आणि दुसऱ्याच दिवशी गिरणी बंद असताना जाऊन मालकाला खणखणीत आवाजात सांगितलं, ‘ते शेजारचे दादा नेतात ना, ते पापड द्या. फार कौतुक करत होते!’

पुढच्या महिन्यापासून याच्या सामानात पापडांचे दोन पुडे येऊ लागले.