आबा, तो फ्लेक्स उतरवा

श्टुटगार्ट, शनिवार

ती. आबा आणि ती. आई,

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या फोनवर काहीही पाठवलं तरी ते अर्ध्या तासात अख्ख्या शिवाजी पेठेत फिरतं. कागदाला फॉरवर्डचं बटण नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी फ्लेक्सचं बोलते. धाकट्याच्या व्हिसाचा अजून अर्ज गेलेला नाही, भाषेची परीक्षा व्हायची आहे, आणि चौकात ‘जर्मनी प्रस्थानाबद्दल हार्दिक अभिनंदन! नाद खुळा!’ लागलंय. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात गॉगलवाले सगळे चुलतभाऊ. त्याबद्दल काही म्हणणं नाही, पेठेची रीतच आहे. पण मागे छापलेला झेंडा बेल्जियमचा आहे, आबा. जर्मनीचे पट्टे आडवे असतात : वर काळा, मध्ये लाल, खाली सोनेरी. फ्लेक्सवाल्यानं काळा, पिवळा, लाल असे उभे लावले आणि आपलं पोरगं परस्पर ब्रुसेल्सला धाडलं. तुमचे जावई बघून इतके हसले की हातातला चहा सांडला.

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, 10 हजार कुशल तरुण पाठवायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून ‘आमचा वायरमन जर्मनीला चालला’ हे तुमचं स्टेटस आहे. इथं इलेक्ट्रिशियनची टंचाई खरी आहे. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा बसवायला माणूस सांगितला होता गणपतीत, तो उगवला दिवाळी उलटल्यावर. पण करार झाला म्हणजे तिकीट हातात आलं असं नसतं. मध्ये जर्मन भाषा आहे, आणि ती आडवी झोपलीय.

धाकटा म्हणतो, रील बघून शिकतोय. ‘तीस सेकंदांत जर्मन’ वगैरे. बघू दे, करमणूक होते, उच्चारही सुधारतात. पण परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात द्यायची आहे आणि तिथं लाइक मोजत नाहीत. शिवाय पास होऊन आला तरी आमची बेकरीवाली बोलते श्वाबिश, म्हणजे या भागाची बोली. पुण्यात मराठीचा क्लास केलेला गोरा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभा केला तर त्याचं जे होईल, ते धाकट्याचं इथं पावाच्या रांगेत होणार. मला अजून होतं.

आईसाठी. ‘परदेशी जाताना बॅगेत काय भरावं’ तो व्हिडिओ तू सगळ्या बायकांना पाठवलास, पण त्यातली बाई न्यू जर्सीची आहे गं! तिचे नियम तिच्यापाशी. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे नरसोबाच्या वाडीचे पेढे नाहीत, बासुंदी नाही, आणि घरचं कढवलेलं तूपही नाही. कस्टमवाला पेढा खाऊन सोडून देईल हा आबांचा अंदाज अगदीच कोल्हापुरी झाला. गूळ आण, कांदा-लसूण चटणी आण, जितकी मावेल तितकी. चटणी मात्र तीन पिशव्यांत बांध. मागच्या खेपेला जावयांचे पांढरे शर्ट तांबडे झाले आणि ते अजून ऑफिसला घालतात.

तुम्हाला वाटेल, आक्का फोनवर रागावलीय. तसं नाही. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना आम्ही इथं फेसबुकवर लाइव्ह बघतो. तुमच्याकडे दुपारचे चार म्हणजे थंडीत आमचे साडेअकरा. मी शिवाजी तरुण मंडळाची, जावई मंगळवार पेठेतले, म्हणजे पाटाकडीलवाले. त्या दिवशी घरात दोन चुली असतात. मागं एका रविवारी पाटाकडीलनं गोल मारला, हे किंचाळले, आणि खालच्या आजीबाई वर आल्या. इथं रविवार म्हणजे शांतता. भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. त्यांना वाटलं, कुणाला तरी झटका आला.

आणि आबा, त्या आजीबाईंचा व्हिडिओ मागू नका. दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता छापायचा नाही, असा कायदाच आहे इथं, 1907 पासूनचा. तुमचं पहाटे पाचचं ‘शुभ सकाळ’ उन्हाळ्यात दीडला आणि हिवाळ्यात साडेबाराला येतं, तेही जरा उजाडल्यावर पाठवा.

तुम्हीच आम्हाला सांगायचात, छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विसाव्या वर्षी विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी ठेवली आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला वारले. ती रोजनिशी लंडनला छापून आली 1872 मध्ये. प्रवास आधी, छपाई मग. धाकट्याची ‘गुडबाय कोल्हापूर’ रील दोनदा पडली, रंकाळ्यावरून एक आणि बिंदू चौकातून एक, आणि पासपोर्टचं अजून पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचंय. तो आला की फ्लॉरेन्सला, आर्नो नदीकाठी, महाराजांच्या स्मारकाच्या दर्शनाला सगळे जाऊ. लाइव्ह करायचं नाही.

रीलमध्ये जे येत नाही ते एक सांगते. इथं ‘केअरवोखे’ असते. आठवड्याची पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी लटकते, आणि त्या घरानं जिना झाडून पुसून काढायचा. काम झालं की पाटी शेजारच्या दाराला. पायरीच्या कोपऱ्यात धूळ राहिली तर आजीबाई काही बोलत नाहीत, फक्त तिथं उभ्या राहून बघतात. मागच्या वेळी व्हिडिओ कॉलवर मला झाडताना बघून तुम्ही त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला लावलात, ‘आमची इंजिनिअर’ म्हणून! मावशीचा फोन आला, नोकरी गेली का म्हणून. जाऊ दे. धाकट्याला निरोप द्या : त्याची खोली तयार आहे, झाडूही तयार आहे, आणि आजीबाईंना मी सांगून ठेवलंय की नवीन माणूस येतोय. त्यांनी पहिलंच विचारलं, कोपरे काढतो का?

तुमची,
आक्का