सी-पॅच कसा तपासावा आणि तरी नामानिराळे कसे राहावे

लिनक्स कर्नलसाठी कुणीतरी सी भाषेतला पॅच पाठवलाय आणि तपासणीसाठी तो आपल्या गळ्यात पडलाय, अशा वेळी सर्वप्रथम तो वाचण्याचा मोह आवरावा. वरपक्षाकडची आत्या ज्या नजरेने रुखवत पाहते, त्या नजरेने तो नुसता पाहावा. टॅबच्या जागी स्पेस तर मारलेल्या नाहीत ना, हे शोधण्यात पहिला दिवस बरा जातो. कर्नलमध्ये टॅब आठ अक्षरांचा. तीनापेक्षा जास्त पायऱ्या आत शिरावं लागत असेल तर तुमचं गणितच चुकलंय, असं तिथली नियमावली बजावते. हा नियम पाठ असावा. तो लागू पडत नसला तरी ऐकवता येतो.

मग ओळीची लांबी. पूर्वी 80 अक्षरांपलीकडे गेलेल्या ओळीवर चेकपॅच ही स्क्रिप्टच बोट ठेवायची. 2020मध्ये तिची मर्यादा 100 झाली आणि कित्येक तपासनिसांच्या हातचं काम गेलं. खचू नये. नियमावलीची पसंती अजून 80लाच आहे.

हरकती एकदम सांगू नयेत. पहिल्याच फेरीत सगळ्या सांगितल्या तर माणूस दुरुस्त करून मोकळा होतो. कमिट मेसेजमधला स्वल्पविराम चौथ्या आवृत्तीसाठी राखून ठेवावा. पॅच दहा ओळींचा असेल तर व्हेरिएबलच्या नावावरून आठवडाभर वाद घालावा. दोन हजार ओळींचा असेल तर ‘छान दिसतंय’ एवढं पुरे.

आता काय पाहू नये ते. बाहेरून आलेल्या आकड्यावर संशय घेऊ नये. ओपनएसएसएलमध्ये असाच सज्जनपणा होता. समोरच्याने मजकूर पाठवायचा, त्याची लांबीही त्यानेच सांगायची आणि आपण ती खरी मानून मेमकॉपीने तेवढे बाइट परत करायचे. एक अक्षर पाठवून ‘चौसष्ट हजार आहेत’ म्हणणाऱ्याला उरलेले शेजारच्या मेमरीतून मिळत; त्यात कुणाचा पासवर्ड, कधी सर्व्हरची खाजगी किल्लीसुद्धा. हा कोड 2011च्या अखेरीस आत गेला, तोही तपासून, आणि 2014च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने जगजाहीर झाला. लांबी पडताळणारी एक अट लिहायची राहिली होती. यात तपासनिसाची बाजू भक्कम आहे: पॅचमध्ये वाढवलेल्या ओळीला अधिकचं चिन्ह असतं, काढलेलीला वजाचं, लिहायची राहून गेलेली ओळ दाखवायला चिन्हच नाही. जे छापलेलं नाही ते वाचायचं कसं?

छापलेलंही वाचलंच पाहिजे असं नाही. 2014च्याच फेब्रुवारीत ॲपलच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा निघाली. पहिली अटीखाली होती, दुसरी बिनशर्त. त्यामुळे सर्व्हरची सही पडताळायच्या आतच फंक्शन उडी मारून बाहेर पडायचं, आणि तेही ‘सगळं ठीक’ असं सांगत. समास मात्र चोख होता, दुसरी ओळ पहिलीच्या बरोब्बर खाली. आत्याबाईंनी पास केलंच असतं.

बरोबरची चिन्हं तर मोजूच नयेत. 2003मध्ये कर्नलच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसडल्या होत्या. तुलनेसाठी दोन बरोबर हवेत तिथे एकच होता, त्यामुळे ‘हा वापरकर्ता रूट आहे का?’ असं विचारण्याऐवजी कोड त्याला रूट करूनच टाकत होता. हे पकडलं गेलं, कारण ती प्रत मुख्य भांडारातल्या नोंदींशी जुळेना. म्हणजे तिथेही नोंदवहीने लाज राखली.

मॅलॉकने नल दिला तर काय, मधेच चूक झाली तर घेतलेलं कुलूप कोण सोडणार, असले प्रश्न विचारणारे लोक असतात. ते पॅच खालून वर वाचतात, चुकीच्या वाटांवरून आधी चालून येतात, आणि त्यांचे पॅच रखडतात. त्यांच्या नादी लागू नये.

शेवटी ‘रिव्ह्यूड-बाय’ लिहून खाली आपलं नाव घालावं. भिण्याचं कारण नाही. या सहीचा अर्थ सांगणारी चार कलमं कर्नलच्या दस्तऐवजात दिली आहेत आणि चौथं कलम म्हणतं, की पॅच नीट चालेलच अशी हमी तपासनीस देत नाही. मी तांत्रिक तपासणी केली आहे, असं पहिलं कलम म्हणतं. म्हणून वाचायला चौथ्यापासून सुरुवात करावी.