भाऊजी, जरा मनगट धरा

व्हिडिओ बघून युद्धकला शिकावी की नाही, यावर आजवर जी चर्चा झाली ती सगळी शिकणाऱ्याच्या बाजूने. ज्याच्यावर शिकतात, त्याचं मत कोणी विचारत नाही. म्हणून ही कैफियत. आमच्या घरात विद्यार्थी माझा मेव्हणा आहे आणि शैक्षणिक साहित्य मी.

सुरुवात शोतोकान कराटेने झाली. पोशाख कुरियरने आला, पट्टा थेट काळा. "पांढरा स्टॉकमध्ये नव्हता," म्हणाला. पहिला काता हेइआन शोदान. डावीकडे वळून खालचा वार अडवायचा, पाऊल टाकून ठोसा मारायचा, अशा एकवीस हालचाली करून निघालो तिथेच परत यायचं. हे शेवटचं कलम आमच्या हॉलला मंजूर नव्हतं. मध्ये शोकेस येत असल्यामुळे मेव्हणा टीव्हीसमोर सुरू होऊन बाल्कनीत संपायचा. शिवाय पडद्यावरचे सर आपल्याकडे तोंड करून उभे, म्हणजे त्यांचं डावं ते आपलं उजवं. काही सर विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी चित्र आधीच उलटवून ठेवतात, काही ठेवत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे सोमवारी डावखुरा कराटे असे आणि मंगळवारी उजवा.

किबा-दाची म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं. नेमकी तिथेच जाहिरात लागायची. उठावं तर सरांनी अजून उठ म्हटलेलं नाही. म्युच्युअल फंडाची जोखीम इतक्या थरथरत्या मांड्यांनी दुसऱ्या कोणी ऐकली नसेल.

इथवर मी प्रेक्षक होतो. मग स्वसंरक्षण आलं.

"भाऊजी, जरा मनगट धरा."

धरलं. त्याने हात फिरवला. सुटला नाही.

"घट्ट नका ना धरू! त्यातला माणूस हलकंच धरतो."

हलकंच धरलं.

"या हाताने नाही, त्या हाताने. तुम्ही हल्लाच चुकीचा करताय!"

उद्या एखादा गुंड आलाच, तर त्याने आधी हाच व्हिडिओ बघून यावं एवढीच माझी प्रार्थना आहे.

या लोकांनी एकलव्याचा आधार घेऊ नये, पण घेतात. एकलव्यही गुरूशिवायच शिकला, असं मेव्हणा मला ऐकवतो. साम्य आहे खरं. तिथे गुरूने अंगठा मागितला, इथेही प्रत्येक सर शेवटी अंगठाच मागतात. पूर्वीची मंडळी पुस्तकांतून शिकत. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. पण एवढा जाडजूड ग्रंथ धरण्यात दोन्ही हात गुंतत असल्यामुळे वाचता वाचता कोणाला आपटण्याचा धोका नसे. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवता येतो, तिथे सगळा घोटाळा झाला.

कारण पुढे ज्युडो आला. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात, बारा तातामींच्या खोलीत कोदोकान सुरू केलं. ज्युडोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, हात जमिनीवर आपटून धक्का वाटून टाकायचा. याला उकेमी म्हणतात. मेव्हण्याने हा भाग पुढे ढकलला. त्याच्या बाजूने ते योग्यच होतं, पडणार मी होतो. म्हणून तो झोपल्यावर उकेमीचे व्हिडिओ मी बघितले, आणि गादीवर बऱ्यापैकी पडू लागलो. गादीखालच्या टाइल्सचं मत वेगळं होतं.

कानोंच्या आपटाआपटीने देवळातले भिक्षू वैतागले होते म्हणतात. आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे आप्पा वर आले. मूळचे कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत राहिलेले. भांडायलाच आले होते. पण मला जमिनीवर बघून त्यांचा सूर बदलला.

"माती कुठाय?"

"मॅट मागवलीय," मेव्हणा म्हणाला.

आप्पा सोफ्यावर बसले आणि हौदातल्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल काय काय कालवतात ते सांगू लागले. ऐकताना मला भूक लागली. मग त्यांनी विचारलं, "वस्ताद कोण?"

मेव्हण्याने मोबाइल दाखवला. आप्पांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"चुकलं तर ह्यो थोबाडीत कवा मारतो?"

यावर मेव्हणा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊजी, तुम्ही फार पटकन पडता. आज जरा खरा विरोध करा."

ओसोतो-गारी होता. समोरच्याचा तोल मागे घालवायचा आणि आपल्या पायाने त्याचा पाय मागून उडवायचा. त्याने माझी कॉलर धरली, मी त्याची. त्याने ढकललं. मी कंबर खाली घेऊन उभा राहिलो. माझं वजन शहाऐंशी किलो आहे, हे पडद्यावरच्या सरांना कुठून ठाऊक असणार? मेव्हणा एक पाय उचलून थांबला. मागे हटला तर तो पडणार, मी कॉलर सोडली तर दोघंही. व्हिडिओतला माणूस केव्हाच पडला होता, सर वाकून नमस्कार करत होते आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. तो उकडीच्या मोदकांचा होता.

बायको ताटं घेऊन बाहेर आली. आम्हा दोघांकडे बघून तिने विचारलं, "समेट झाला का?"

"ताई," मेव्हणा एका पायावरून म्हणाला, "जरा मागे घे ना. दहा सेकंद."