आधीफळे

परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला फिरायला गेलात की आधीफळे भेटतातच. हे आडनाव नव्हे, पंथ आहे. साठी उलटलेली, पेन्शन सुरू, पायात मुलानं पाठवलेले बूट आणि ओळख शुगरच्या आकड्यावरून. "कोण, जिंतूर रोडचे का?" "नाही हो, ते दोनशे दहावाले. हे एकशे सत्तरवाले."

पंथाचं सूत्र एकच: फळ जेवणाआधी खायचं, मग शुगर वाढत नाही. याआधी ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोनदा जेवणाच्या पंथात होते. तिथं जेवण 55 मिनिटांच्या आत उरकायचं असतं. यांनी 55 च्या 55 मिनिटं वसूल केली. वजन वाढलं, पंथ बदलला.

नवं सूत्र अगदीच थाप नाही. भाताच्या अर्धा तास आधी सफरचंद खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, असं चीनमधल्या एका प्रयोगात दिसलं आहे. पण ती माणसं निरोगी होती, शिवाय सफरचंदातल्या साखरेच्या हिशेबानं त्यांचा भात कमी केलेला होता. आधीफळ्यांना सफरचंद तोंडपाठ आहे. भाताची ओळ येईपर्यंत त्यांची पपई कापून झालेली असते.

दुपारी पपईची ताटली, दोन केळी, हंगाम असेल तर सीताफळ. मग तीन भाकरी, वर वरण-भात.

"अहो, एवढं फळ खाल्लं, एक भाकर तरी कमी करा की."

"ज्वारी आहे ती! आपल्या विद्यापीठाची. तिनं शुगर वाढत नसते."

'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण 2018 मध्ये आलं, हे खरं. पण त्यात वाढवलं आहे ते लोह आणि जस्त. पिठूळपणा आहे तिथंच आहे.

गेल्या दिवाळीत एका आधीफळ्यांनी मोसंबी सोलली आणि त्याच बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला 338. घर हादरलं. पुण्याला मुलाला फोन गेला, शेजारचे रिक्षा काढायला धावले. सुनेनं फक्त विचारलं, "बाबा, हात धुतले होते का?"

साबणानं हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं. 171. बोटाला फळाचा रस लागलेला असला की मशीन त्याचीही साखर मोजतं. त्याला रक्त कोणतं नि मोसंबी कोणती, काय कळणार? घरच्यांनी हुश्श केलं. आधीफळ्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे नवा शोध जाहीर केला: "साबणानं हात धुवा. एका धुण्यात दीडशेच्या वर उतरते!"

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीशी मात्र त्यांचं जमत नाही. आदले दोन दिवस कारल्याचा रस पिऊनही ती फसत नाही. "लई जुनं उकरून काढती," म्हणतात.

तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांच्याकडे गेलात तर पपईला नाही म्हणू नका, त्यांना राग येतो. फक्त भाकरी वाढताना काकूंना 'एकच' म्हणा. निदान एका ताटात तरी वजाबाकी झालेली त्या माउलीला बघायला मिळेल.